आठवडाभर शिवी नाही

“रिळं गेली, कटकट गेली,” नव्या डिजिटल मशीनवर हळदकुंकू वाहत थिएटरमालक म्हणाले. “नेमाण्णा, आता नुसतं बटण दाबायचं आणि गप बसायचं.”

ऑपरेटर नेमाण्णानं बटण दाबलं. एकतीस वर्षं, रीळ तुटलं की खालचं पब्लिक केबिनकडं वळून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचं. तोही रीळ चिकटवता चिकटवता खिडकीतून उलट शिवी हासडायचा, मगच पिक्चर पुढं सरकायचा. आता आठवडा झाला, मशीन एकदाही अडलं नव्हतं. वर माणूस आहे की भूत, कुणी विचारलं नव्हतं.

शुक्रवारी मॅटिनीला हिरोनं खलनायकावर मूठ उगारली आणि नेमाण्णानं मुद्दाम मशीन थांबवलं.

खाली सगळ्यांनी मुकाट मोबाइल काढले. दोन मिनिटं गेली. चार गेली. हिरमुसून नेमाण्णाचा हात बटणाकडं निघाला.

तेवढ्यात पुढच्या बाकावरून एक म्हातारा आवाज कडाडला, “नेम्या, मुडद्या, मेलास काय रं वर?”

नेमाण्णानं खिडकीतून अख्खं डोकं बाहेर काढलं. “तुझ्या तेराव्याचं जेवल्याबिगर मरतोय व्हय, भाड्या!” तो आनंदानं ओरडला. मग बटण दाबलं, आणि हिरोची मूठ एकदाची खलनायकाच्या थोबाडात बसली.