सतरा बॅटऱ्यांची चोरी

"राजीनाम्यावर सही करा, नाहीतर पोलिसांना बोलावतो," साहेबांनी पेन टेबलावर आपटलं.

स्टोअर सांभाळणाऱ्या काकांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. आता राजीनामा म्हणजे पेन्शनवर पाणी. साहेबांना त्याचं काय? बदलून येऊन आठवडा झालेला, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, डोक्यात हवा. कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण रिपोर्ट काढायची भारी हौस. सकाळीच त्यांनी ऑफिसातल्या झाडून सगळ्या मशीनचा रिपोर्ट काढला होता. सिस्टिमने एकेका मशीनला विचारलं, तुझी बॅटरी कुठाय? सतरा मशीनपुढे लाल अक्षरात उत्तर आलं : बॅटरी आढळली नाही.

"सतरा बॅटऱ्या विकून खाल्ल्यात. या वयात लाज वाटत नाही?"

"साहेब, एकदा मशीन तर बघा..."

"मला शिकवू नका. सिस्टिमला दिसत नाही म्हणजे नाही."

काकांनी यादी मागितली. चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली. मग त्यांना जोराचा खोकला आला. तो रुमालात दाबून ते म्हणाले, "खरंय साहेब. एकाही मशीनला बॅटरी नाही. तेवढं लेखी करून हेड ऑफिसला कळवा. त्यांनी येऊन बघितलं की लगेच सही करतो."

साहेबांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चोर स्वतःच फास मागतोय. त्यांनी तीन पानी पत्र झाडलं. प्रत्येक मशीन मी जातीने तपासलं, अशीही एक थाप ठोकली. खाली हातभर सही.

दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसच्या मोठ्या बाई आल्या. यादी घेऊन टेबलाटेबलाशी थांबल्या, वाकून बघितलं, खूण केली. साहेब शेपटासारखे मागे. टायपिस्ट ताईंनी हसू फुटू नये म्हणून ओठ चावून धरलेला. यादीतलं शेवटचं मशीन खुद्द साहेबांच्या केबिनमध्ये निघालं.

"काका, तुम्ही जा. दोन महिने निवांत स्टोअर सांभाळा," बाई म्हणाल्या. मग त्यांनी साहेबांच्या टेबलाखालच्या उभ्या डब्याकडे बोट केलं. "सतराच्या सतरा मशीन ही असली. एकही लॅपटॉप नाही. भिंतीतली वायर काढली की बंद. कारखान्यातून आली तेव्हाही यांना बॅटरी नव्हती. आता खाली वाका साहेब, आणि ती कुठे बसवलेली होती तेवढं मला दाखवा."