दादी भरवंल तरच

सुहानानं तोंड घट्ट मिटून घेतलं. आफशीननं पुन्हा चमचा पुढं केला, तशी पोरीनं मान फिरवली.

"दादी भरवंल," ती म्हणाली.

"भरवती की, माझी बाय ती," म्हणत जुलेखानं सुनेच्या हातातली वाटी घेतली. मऊ भात बोटांनी कुस्करला, चटका बसत नाही ना बघितलं, आणि छोटा घास केला. पोरीनं लगेच आ केला. सलाईन टोचलेला हात बाजूला ठेवून ती सावकाश चावत राहिली. गेले काही दिवस हेच चाललं होतं. चार वर्षांच्या सुहानाला एका वर्षात दुसऱ्यांदा टायफॉईड झाला होता, आणि आजीच्या हाताशिवाय तिच्या पोटात अन्नाचा कण जात नव्हता.

जुलेखाला त्यातही समाधान होतं. हॉस्पिटलच्या कँटीनमधलं काही पोरीच्या तोंडाला लावायचं नाही, असं तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मंगळवार पेठेतल्या घरी स्वतः उकळलेलं पाणी, स्वतः निवडलेले तांदूळ, स्वतः घासलेला डबा. बाहेरच्या खाण्यावर तिचा राग जुना होता. तिचा नवरा मीरासाब हुपरीला चांदीच्या कामाला जायचा. दुपारी खानावळीत जेवायचा. असाच ताप आला, अंगावर काढला, आतडं फुटलं आणि माणूस गेला. तेव्हापासून घरात बाहेरचा वडासुद्धा येत नव्हता. तरी लग्न होऊन आल्यावर आफशीनला टायफॉईड झाला. मग सुहानाला. आता परत सुहानाला.

डॉक्टर राजनंदिनींना ते खटकलं होतं. त्यांनी घरचं पाणी तपासून घेतलं, ते चांगलं निघालं. मग घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी करायला लावली. "मला काय धाड भरलीया? साधी सर्दी होत न्हाय मला," म्हणत जुलेखानं हसत हसत डबी भरून दिली होती.

घास संपला आणि नर्सनं जुलेखाला बोलावलं. मुलगा वसीम आधीच डॉक्टरांच्या खोलीत बसला होता. त्याची मान खाली होती.

"मावशी, तुम्हाला पूर्वी कधी मोठा ताप आला होता?"

"आलता की. वसीम पोटात हुता तवा. लई दिस झोपून हुते. पर बरी झाले."

"तुम्ही बऱ्या झालात, जंतू मेले नाहीत. तुमच्या तपासणीत ते सापडलेत," डॉक्टर म्हणाल्या. "आपलं शरीर जंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशी पाठवतं. टायफॉईडचा जंतू लबाड असतो. काही वेळा तो त्या पेशीच्या पोटातच जिवंत राहतो आणि तिच्यात बसून अंगभर फिरतो. काल केलेल्या सोनोग्राफीत दिसलं, तुमच्या पित्ताशयात खडे आहेत. तिथं त्या खड्यांवर थर धरून हे जंतू बसलेत. शरीराची ताकद तिथं चालत नाही, औषधंही नीट पोचत नाहीत. तुम्हाला काही होत नाही. पण तुमच्या शौचातून ते बाहेर पडत राहतात."

जुलेखाला आधी कळलंच नाही. मग कळलं तशी ती उसळली. "हात धुते की मी! नमाजाआधी हातपाय धुऊन पाच वेळा वजू करते, डॉक्टर. साबणाबिगर चुलीला शिवत न्हाय."

"धुता हो, मावशी. पण एखाद्या वेळी नखाखाली राहिलं तरी तेवढं पुरतं." डॉक्टरांचा आवाज खाली आला. "यात तुमचा दोष नाही. आपण औषधं देऊ, ऑपरेशन करून पित्ताशय काढू. मात्र जंतू गेलेत अशी खात्री होईपर्यंत स्वयंपाक करायचा नाही. आणि सुहानाला भरवायचं नाही. आजपासूनच."

ती व्हरांड्यात येऊन बाकावर बसली. वसीम शेजारी बसला.

"अम्मी," तो म्हणाला, "त्या खानावळवाल्याला आपण किती शिव्या घातल्या."

जुलेखानं त्याच्याकडं बघितलं. तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. मीरासाबला ती सकाळची न्याहारी द्यायची, रात्री गरम भाकरी वाढायची. खानावळीत तो दिवसातनं एकदाच जेवायचा. इतकी वर्षं ते दुखणं तिच्याच पोटात बसलं होतं, आणि तिला कधी साधी कळ आली नव्हती.

आत सुहाना जागी झाली. आफशीननं दूध पुढं केलं असावं. पेला सांडल्याचा आवाज आला. "दादी! ए दादी!"

जुलेखा उठली. दारापर्यंत गेली आणि थांबली. वसीमनं तिला अडवलं नव्हतं. आफशीन रडवेल्या तोंडानं बाहेर आली; नर्सनं तिला सगळं सांगितलं होतं. "अम्मी, काय सांगू तिला? ऐकंना झालीया."

"सांग, दादी गारगोटीला गेली. पावण्यांकडं."

आफशीन आत गेली. जुलेखा दाराच्या आडोशाला, भिंतीला टेकून उभी राहिली. आतलं रडणं हळूहळू कमी झालं. नर्स कँटीनमधली खिचडी आत देऊन गेली. वाटीवर चमचा वाजला. पोरीनं आईच्या हातचा घास घेतला होता. जुलेखाच्या छातीवरचं ओझं जरा हललं.

मग आतनं बारका आवाज आला.

"मम्मी, मी सगळा भात खाल्ला न्हाई म्हणून दादी रुसून गेली व्हय?"

बाहेर जुलेखानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. एक शब्द जरी निघाला असता, तरी पोरीनं आवाज ओळखला असता.