बॉलच्या पाया

"वर्षाली, तुझी पोरगी बॉलच्या पाया पडून राहिली काय वं?"

साधनाने विचारलं आणि कठड्यावर बसलेल्या सगळ्या आया मैदानाकडे बघू लागल्या. वर्षाली तर पहिल्या मिनिटापासून तिकडेच बघत होती. सात वर्षांच्या रागिणीकडे बॉल आला. तिने तो तळव्याखाली धरला, खाली वाकली, दोन बोटं बॉलला लावून कपाळाला टेकवली. मग बॉल परत दिला. दुसरा आला. पुन्हा तेच.

दोष कुणाचा, हे वर्षालीला पक्कं ठाऊक होतं. पुस्तकाला पाय लागला, पाया पड. ताटाला लागला, पाया पड. झाडूला, दप्तराला, शेजारी झोपलेल्या आजीला लागला, पाया पड. पोरगी चालायला लागली तेव्हापासून वर्षालीने तिच्याकडून हेच घोकवून घेतलं होतं. फुटबॉलमध्ये पाय दर वेळी लागणार, हे या एम.एस्सी. झालेल्या बाईला फॉर्म भरताना सुचलंच नव्हतं.

शिकवणाऱ्या कुंदन सरांची तऱ्हाही न्यारी. पहिला महिना गोल नाही, किक नाही. ते दहा पावलांवरून बॉल सोडत आणि पोरांनी तो पायाने नुसता थांबवायचा. "लाथ त गधाबी मारते," ते म्हणत, "थांबवता आलं पायजे." पोरं कुठली ऐकतात? बॉल आला की ठोकून देत, आणि तो कंपाउंडपलीकडच्या रसवंतीत जाऊन पडे.

या पंधरा पोरांतून आठ जण पुढच्या आठवड्यात अकोल्याला मॅच खेळायला जाणार होते. एरवी वाढदिवसाच्या पार्टीतही आईची ओढणी न सोडणाऱ्या रागिणीने बॅगेत टॉवेल, पाण्याची बाटली केव्हाच भरून ठेवली होती. आईशिवाय कुठे जायचं म्हणाली, ते हे पहिलंच.

आणि आज काय, तर रागिणी वाकली, पोरं खिदळली, कुंदन सरही हसले आणि खिशातून कागद काढून त्यावर काहीतरी लिहिलं. वर्षालीने ओळखलं. गेली पोरगी यादीतून.

त्याच दुपारी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आईची शिकवणी सुरू झाली. आईने बॉल टाकायचा, लेकीने परत मारायचा. वाकायचं नाही. हात पाठीमागे.

"पाय लागला तरी?"

"लागला तरी. खेळात चालतं."

"काहून?"

"मी सांगते म्हणून."

पहिल्या दिवशी बोटं बॉलकडे जायची आणि वर्षाली "अं हं" म्हणायची. तिसऱ्या दिवशी ती अर्ध्यातच थबकू लागली. शनिवारपर्यंत रागिणी बॉल आला रे आला की खाडकन मारून मोकळी होऊ लागली. वर्षालीने तिला दोन चमचे जास्तीचं श्रीखंड वाढलं.

रविवारी निवड. सरांनी एकेकाला पाच बॉल दिले. रागिणी हात पाठीमागे बांधून उभी राहिली. पहिला बॉल आला, तिने ठोकला. दुसरा ठोकला. पाचवा थेट रसवंतीवाल्याच्या बादलीत. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"सुधरली वं तुझी पोरगी," साधना म्हणाली. वर्षालीने पर्समधला शेंगदाण्याचा लाडू काढला आणि आठवड्यात पहिल्यांदा काहीतरी चवीने खाल्लं.

सरांनी नावं वाचली. सात. त्यांत रागिणी नव्हती. ती हात तसेच पाठीमागे बांधून उभी होती, पण खालचा ओठ पुढे आला होता. कागद घडी करत सर कठड्यापाशी आले.

"ताई, पोरीले बरं नाही काय?"

"बरी आहे की. उलट मी तिची ती सवय मोडली. पाया पडायची."

"काहून?"

"काहून म्हणजे? सगळे हसत होते. तुम्हीसुद्धा हसलात सर, मी पाहिलं ना. हसलात आणि काहीतरी लिहिलंत."

कुंदन सरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग घडी उलगडून कागदच तिच्यापुढे धरला. सगळ्यात वर रागिणीचं नाव होतं. त्यावर आजची ताजी रेघ होती.

"ताई, पाया पडाले आधी बॉल थांबवा लागते. पंधरा पोट्ट्यांत बॉल थांबवणारी ते एकटीच होती. म्हून खुशीनं हसलो मी. हात लावणं मागून सोडवलं असतं मीच. पन तुमी त थांबवणंच सोडवलं तिचं."

वर्षालीने हातातला उरलेला लाडू पर्समध्ये टाकला आणि कागद नीट पाहिला. आठच्या आकड्यापुढे अजून नाव नव्हतं.

"सर, अजून एक बॉल द्या तिला," ती म्हणाली. मग ओढणी सावरत कठड्यावर उभी राहिली आणि साऱ्या आयांदेखत ओरडली, "रागू, पाया पड."

रागिणीने आईकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. पाठीमागचे हात सुटले. सरांनी बॉल सोडला, तोही चांगला जोरात. तो उसळत आला, तळव्याखाली शिरला आणि तिथेच निपचित पडला. रागिणीने वाकून त्याला बोटं लावली, कपाळाला टेकवली. सरांनी गुडघ्यावर कागद ठेवून आठवं नाव लिहायला घेतलं.

पोरगी मात्र बॉलवर पाय ठेवून तशीच उभी होती. साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "आई, बॉल देव असते काय?"

वर्षालीने सरांच्या पेनाकडे पाहिलं. नाव अजून अर्धंच झालं होतं.

"अकोल्याहून येईपर्यंत आहे," ती म्हणाली.