पंख्याखालची जागा

"बायांनो, ती खिडकी उघडा, नाहीतर मलाच उचलून बाहेर टाका!" कॉलरवालीने हातातला शर्ट मशीनवर आपटला. मान, गळा, कानाच्या पाळ्या, सगळं लालबुंद. बाकीच्या चौघी स्वेटर घालून बसल्या होत्या.

शिवणखात्यात जी जे शिवते तेच तिचं नाव. या टेबलावर आजवर कॉलरवालीचं राज्य होतं. तोंडाला लगाम नव्हता, तिच्या चुटक्यांवर दिवस निघायचा. हल्ली मात्र ती मधेच तापायची, विनाकारण चिडायची आणि चुटक्याचा शेवटच विसरायची.

"तू इस्त्रीकडच्या मोठ्या पंख्याखाली बस," बाहीवाली म्हणाली. ती तिची जिवाभावाची मैत्रीण. "पाळी जायच्या वयात होतं गं असं. तुझ्या भल्यासाठीच सांगतेय."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. चौघींनी तिचं मशीन उचलून हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. एवढी चपळाई त्यांनी मालकालाही कधी दाखवली नव्हती.

वारा छान होता. पण पंखा असा घरघरायचा की कानाशी कुणी बोललं तरी कळू नये. कॉलरवाली शिवता शिवता मान वर करून टेबलाकडे बघायची. त्यांचे ओठ हलत. त्या हसल्या की तीही हसायची, मोठ्याने, हात उडवून. आपण अजून त्यांच्यातल्याच आहोत, एवढंच तिला दाखवायचं होतं.

काही दिवसांनी ते काजवालीच्या ध्यानात आलं. "तिकडे ऐकू तर काही जात नाही. मग ही बया हसते कशाला?"

बाहीवालीने ओठ मुडपले. "थांबा, गंमत दाखवते. कुणी काही बोलू नका. मी खूण केली की नुसतं हसायचं."

तिने भुवई उडवली. चौघी खदाखदा हसल्या. पंख्याखाली कॉलरवाली पोट धरून हसली, तिने डोळेसुद्धा पुसले. मग मात्र चौघी खरंच हसल्या.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन टेबलाशी आली. बाकावर तिच्या जागी बटणांचं खोकं होतं. ते कुणी हलवलं नाही. ती उभीच राहिली.

"मघाशी काय हसलीस गं!" बाहीवाली म्हणाली.

"मग! भारीच होतं ते."

"सांग की परत. तुझ्या तोंडून ऐकण्यात मजाच वेगळी."

चौघींचे घास हातात थांबले. कॉलरवालीने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिने डबा खोक्यावर ठेवला, मानेवरचा घाम रुमालाने पुसला आणि हसत हसत सांगायला सुरुवात केली.