न उघडल्याचा निरोप

कुलूपवाल्याने तिन्ही नमुने टेबलावर मांडले, तरी काकूंचं आपलं एकच, "पण ह्याची बॅटरी मध्येच संपली तर?"

"आधीच लाल दिवा लागतो, काकू."

"आणि पाहुणा आकडे विसरला तर?"

"त्याच्या मोबाईलवर असतात."

"मोबाईलच हरवला तर?"

"मग तो पोलिसांकडे जाईल. तुमच्याकडे कशाला येईल?"

काकूंना हसू आलं नाही. पाहुणा आपल्याकडे कशाला येईल, हेच तर त्यांचं दुखणं होतं.

वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या त्या सुट्टीवर येणाऱ्यांना दोन-चार दिवसांसाठी भाड्याने द्यायच्या. आलेला माणूस आधी खाली त्यांच्याकडे किल्ली घ्यायला यायचा. किल्ली दाराशेजारच्या खिळ्यालाच असायची, पण काकूंना ती चटकन सापडेल तर शपथ. शोधता शोधता प्रवास कसा झाला, पोरं कितवीत आहेत, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत, सगळं विचारून व्हायचं आणि चहाचं आधणही चढायचं. यजमान गेल्यापासून त्यांचं माणसांशी बोलणं ते एवढंच. मुलगा नोकरीसाठी लांब होता आणि दर रविवारी फोन करायचा, पण तो फोन म्हणजे शाळेतली हजेरी. गोळ्या घेतल्यास? घेतल्या. गॅस बंद? बंद. बरं, ठेवतो.

मग एका पाहुणीने इंटरनेटवर लिहून टाकलं, "खोली झकास, काकू गोड, पण किल्ली हातात पडेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो." मुलाने ते वाचलं आणि डिजिटल कुलपाचं खूळ डोक्यात घेतलं.

"पाहुणे आकडे दाबून परस्पर वर जातील, परस्पर निघून जातील," तो म्हणाला होता. "तुला तोंडसुद्धा उघडावं लागणार नाही, आई. आरामात राहा." इतक्या मायेने बोलत होता की काकूंना नाही म्हणता येईना. म्हणून आज त्या प्रत्येक कुलपाची खोड काढत बसल्या होत्या. एकही पसंत पडलं नाही, तर आपोआप किल्लीच राहील.

कुलूपवाल्याने घाम पुसला आणि शेवटचं कुलूप पुढे सरकवलं. "हे सगळ्यात भारी. दार उघडलं की मालकाच्या मोबाईलवर निरोप जातो. पाहुणा वेळेत आला नाही, दार उघडलंच नाही, तरीही निरोप जातो."

"न उघडल्याचासुद्धा?"

"न उघडल्याचासुद्धा."

काकूंनी ते कुलूप हातात घेतलं. उलटसुलट करून पाहिलं.

"हेच बसवा," त्या म्हणाल्या. "पण वर नको. इथे, माझ्या दाराला. आणि निरोप मुलाच्या मोबाईलवर जाऊ दे. सकाळी नऊपर्यंत माझं दार उघडलं नाही, तर त्याला कळू दे."

कुलूपवाल्याने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि ड्रिल बाहेर काढलं. एकटी बाई, उद्या काही बरंवाईट झालं तर, असं त्याच्या मनात आलं. ते खरंच होतं, पण अर्धंच.

मुलालाही कल्पना आवडली. वरच्या खोल्यांचं पुढे बघू, म्हणाला. काकू रोज सकाळी दूध घ्यायला दार उघडायच्या तेव्हा कुलूप किणकिणायचं. आपला निरोप त्याच्याकडे पोचला, आता तो चहा पिता पिता वाचत असेल, असं वाटून त्यांना बरं वाटायचं.

रविवारी मात्र फोन आला नाही. दोन ओळी आल्या. "आई, तुझं दार रोज उघडलेलं दिसतं इथे. माझी काळजीच मिटली बघ."

काकूंनी त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. होती नव्हती ती हजेरीसुद्धा आता कुलूपच देऊन टाकत होतं. त्यांना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लवकर अंघोळ केली, केस विंचरले, आणि फोन मांडीवर घेऊन दारासमोरच्या खुर्चीत बसल्या. बाहेर दुधाची पिशवी ठेवल्याचा आवाज आला. त्या उठल्या नाहीत. नऊ वाजून गेले. पोराच्या जिवाला आपण उगाच घोर लावतोय, असं वाटून त्या एकदा कडीपर्यंत गेल्या आणि परत येऊन बसल्या. फोनचा आवाज मोठा आहे ना, ते पाहून घेतलं. घाबरून फोन करेल तेव्हा काय काय सांगायचं, ते मनाशी जुळवत राहिल्या. वरच्या नळाची गळती. वाढलेला चष्म्याचा नंबर. गोळ्यांचं सोडून बाकी सगळं.

फोन वाजला नाही. दाराची बेल वाजली.

कुणाला तरी धाडलं त्याने! शेजाऱ्यांना, की डॉक्टरांना? त्यांनी घाईघाईने दार उघडलं.

हत्यारांची पिशवी खांद्याला लावून कुलूपवाला उभा होता.

"तुमच्या मुलाचा फोन आला होता," तो म्हणाला. "म्हणाले, कुलूप बिघडलेलं दिसतंय, जरा बघून या."

काकूंनी दाराबाहेरची दुधाची पिशवी उचलली. मग बाजूला झाल्या.

"हो, बिघडलंय खरं," त्या म्हणाल्या. "या, बसा ना. मी चहा टाकते. सावकाश बघा, घाई नाही."