फाटकावरचं नाक

खासगी शाळेच्या फाटकावरचं यंत्र श्रावस्तीला पाहून आजही लाल झालं. तिच्या आईने, यशोधराने, तिचा डबा उघडून मुख्याध्यापिकेच्या नाकाखाली धरला. "दहीभात आहे. महिनाभर घरात सुकट शिजवली नाही मी."

"यंत्र डबा हुंगत नाही, श्वास हुंगतं. घरात पिढ्यानपिढ्या काय शिजलं ते त्याला कळतं," मुख्याध्यापिका गोड हसल्या. "आम्ही कुणाची जात विचारत नाही हं. पलीकडे पालिकेची शाळा आहे. तिथे सगळी तुमचीच मुलं आहेत."

"आणि इथे सगळी तुमची!"

तेवढ्यात श्रावस्ती नाक-तोंड घट्ट दाबून पुन्हा यंत्रापुढे उभी राहिली. दिवा हिरवा झाला.

"जमलं की!" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आता शाळा सुटेपर्यंत अशीच राहा."