मोकळ्या जागेत

खांबावरचा भोंगा बोलायला लागला तेव्हा धनमाया लेकीला, नानूला, डाळभात भरवत होती.

आधी घंटेसारखे सूर, मग एका बाईचा आवाज. एकेक शब्द थांबत थांबत, अख्ख्या गल्लीत घुमत. टोकियोत येऊन तिला जेमतेम दोन दिवस झाले होते. या दोन दिवसांत शेजारच्या घरातून भांडं पडल्याचा आवाजसुद्धा आला नव्हता. इतक्या गप्प वस्तीत इतक्या मोठ्यानं जे सांगताहेत ते साधंसुधं नसणार.

नेपाळात, धादिंगच्या भूकंपात तिची आई चूल विझवायला मागे थांबली, ती तिथेच राहिली. धनमायानं हातही धुतले नाहीत. नानूला उचललं, फोन घेतला आणि अनवाणीच जिना उतरली.

नवऱ्याला, टेकबहादुरला, फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाहीच.

रस्त्यावर कुणी पळत नव्हतं. टोपलीत कांद्याची पात घेऊन एक बाई सायकलवरून शांतपणे निघून गेली. कुत्रा फिरवणाऱ्या माणसानं तिच्या उघड्या पायांकडे पाहिलं आणि नजर वळवली. या सगळ्यांना कुठे जायचं ते ठाऊक आहे, आपल्यालाच ठाऊक नाही.

कोपऱ्यावर मुलांची छोटी बाग होती. खांब नाहीत, तारा नाहीत, अशी जागा बघून ती मधोमध मातीत बसली.

बाकावर एक म्हातारा होता. डोक्याला राखाडी टोपी, पायांत घरातल्या सपाता. भोंगा पुन्हा बोलायला लागला तसा तो दचकला, उठला, हळूहळू तिच्याजवळ येऊन बसला आणि त्यानं तिच्या शालीचं टोक मुठीत धरलं. ती शाल ओढून घेणार होती. पण भोंग्याच्या प्रत्येक शब्दाला तो अंग चोरत होता.

“बसा आजोबा,” ती आपल्या नेपाळीत म्हणाली. “इथं डोक्यावर काही पडायचं नाही.”

तो बराच वेळ काहीतरी सांगत राहिला. तिनं मान हलवली.

तेवढ्यात बागेच्या तोंडाशी पोलिसांची गाडी थांबली. दोघे उतरले आणि सरळ तिच्याच दिशेनं यायला लागले. दोन्ही दिवस कामाला निघताना टेकबहादुरनं बजावलं होतं, “ओळखपत्र घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू नकोस. पोलीस पहिलं तेच मागतात.” ओळखपत्र उशीखाली होतं. तिनं नानूला इतकं घट्ट धरलं की पोर रडायला लागली.

पोलीस वाकून काहीतरी विचारत होता. इतक्यात फोन वाजला.

“काय गं, इतके फोन? हॉटेलात दुपारची गर्दी आहे, भट्टीवर आहे मी.”

“नानूचे बाबा, पोलिसांनी धरलंय मला! भोंगा वाजला म्हणून बाहेर पळाले. कार्ड घरीच राहिलं.”

“अगं बये! दे, त्यांना फोन दे आधी.”

पोलिसानं ऐकून घेतलं, फोनलाच दोनदा कमरेतून वाकून नमस्कार केला आणि तो परत दिला. टेकबहादुर हसत होता की रडत, तिला कळेना.

“भूकंप नाही गं बाई. एक म्हातारा हरवलाय, त्याला शोधताहेत. राखाडी टोपी, पायांत सपाता. कुणाला दिसला तर कळवा, असं सांगत होता भोंगा. तुझ्याच शेजारी बसलाय म्हणे!”

“मग मी जाऊ घरी?”

“जा की. उलट ते तुझे आभार मानताहेत.”

ती उठली. म्हातारा पण उठला. शाल त्याच्या मुठीतच होती. पोलिसानं गाडीचं दार उघडलं, गोड बोलून पाहिलं. म्हातारा दोन पावलं मागे सरकला आणि तिच्या पाठीशी दडला. पोलीस अवघडून तिच्या फोनकडे बघत काहीतरी बोलला.

टेकबहादुर फोनवरून म्हणाला, “घरापर्यंत सोबत याल का, असं विचारताहेत. नको वाटत असेल तर नको जाऊस. मी सांगतो त्यांना.”

पोलिसांच्या गाडीत बसवलेली माणसं तिनं लहानपणी गावात पाहिली होती. परत आलेली पाहिली नव्हती.

तिनं नानूला कडेवर घेतलं आणि आधी आपण आत बसली. म्हातारा मुकाट्यानं मागोमाग आला.

गाडी निघाली. धनमायाची बोटं बर्फासारखी गार पडली होती. म्हाताऱ्यानं शाल सोडली, तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि लहान पोराला समजवावं तसं तेच तेच काहीतरी हळू आवाजात म्हणायला लागला.

“ऐका ना,” ती फोनवर कुजबुजली, “हे काय म्हणताहेत?” आणि तिनं फोन म्हाताऱ्याच्या तोंडाशी धरला.

टेकबहादुर ऐकत राहिला. त्याच्यामागे भांड्यांचा खणखणाट चालला होता.

“म्हणताहेत, घाबरू नकोस. घर आलंच आता.”